खांबावरची खूण

पुथियेनमधल्या आमच्या गल्लीत फांग तेशुई मूर्ती कोरायचा. मी त्याला कापराचं लाकूड चिरून द्यायचो. म्हातारपणी माझे हात थकले, मी थांबलो. तो थांबला नाही.

करुणेची देवी क्वानयिन, तिची मान झुकलेली असते, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. गुडघे टेकून वर पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही माझ्याकडंच बघतेय. म्हणून फांगची बायको युए मूर्तीपुढं गुडघे टेकायची. तो मूर्तीच्या डोळ्यापासून तिच्या डोळ्यापर्यंत सूत ताणायचा, मगच पापणी कोरायचा.

युए गेली. मुलगा दूर शहरात. फांग एकटा जेवायचा. माशाची वरची बाजू खायची, मधला काटा न उचलता खालची तशीच ठेवायची. ती युएची.

देवळाची नवी मूर्ती करताना त्यानं सूत कामाच्या खोलीतल्या खांबावरच्या खुणेपर्यंत ताणलं. गुडघे टेकलेल्या युएच्या डोळ्यांची उंची तिथं पटाशीनं कोरलेली होती.

रंगाआधी मूर्ती चौथऱ्यावर चढवून पाहिली. देऊळ सांभाळणाऱ्या लाय मावशीनं गुडघे टेकले.

"फांग, ही माझ्या पोटाकडं बघतेय. जेवलीस का म्हणून विचारतेय काय?"

मी बसून पाहिलं. खरंच होतं. खूण युएच्या शेवटच्या दिवसांतली. तेव्हा तिची पाठ वाकली होती.

"खाली पुढून पाचर ठोक, मूर्ती मागं कलेल," मी म्हणालो.

"आणि हातातल्या कलशातलं अमृत तिच्याच अंगावर सांडू दे? गाढवा!" फांग म्हणाला.

"मग पापणी तास."

मूर्ती फांगकडं परत आणली. दुसऱ्या दिवशी गेलो तर पटाश्यांना धार लावलेली, पापणी तशीच.

"ही माझी शेवटची मूर्ती आहे," तो म्हणाला. "हिनं नजर उचलली की युएकडं बघणारं कुणी उरत नाही."

माझे गुडघे दुखतात, तरी मूर्तीपुढं टेकले. त्यानं खांबावरच्या खुणेवरून अंगठा फिरवला. मग त्यानं माझ्या डोळ्यापर्यंत सूत ताणलं. दोन्ही पापण्यांची कड एकेका ओढीत तासली. पटाशी दुसऱ्यांदा लावली असती तर काठ बिघडला असता.

"आता?"

"माझ्याकडं बघतेय."

"तुझं थोबाड बघून तिचं काय भलं होणार," तो म्हणाला.

मूर्तीच्या पाठीतल्या पोकळीत पाच रंगांचे दोरे, धान्य, मंत्राचा कागद भरतात. फांगनं पापण्यांच्या त्या दोन ढलप्या धान्याखाली ठेवल्या आणि झाकण बसवलं.

"जेवून जा."

माशाची वरची बाजू त्यानं मला वाढली. मी काटा उचलायला गेलो, तर त्यानं ताटली आपल्याकडं ओढली. खालची बाजू तशीच राहिली.