कशामुळं आणि कशासाठी

हिरेमठ सरांना ‘का’ विचारलं की ते जागच्या जागी थांबत. कॉलेजच्या जिन्यात मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “सर, आज उशीर का झाला?” त्यांनी छत्री काखेत मारली आणि म्हणाले, “कशामुळं विचारताय, की कशासाठी?” मी तत्त्वज्ञान विभागात नवाच लागलो होतो, मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण ती चेष्टा नव्हती.

‘का’ हा शब्द लबाड आहे, एकाच पोत्यात ज्वारी नि तूर भरतो, असं त्यांचं म्हणणं. वर्गात मनाचा विषय निघाला की ते छातीवर हात ठेवत. “काळीज रक्त ढकलतंय, ते त्याचं काम. धडधड नुसती होते की. होतंय ते सगळं कशासाठी तरी असतंय, असं न्हाय.” पोरं पाठीमागे त्यांना ‘धडधड’ म्हणत. मला मात्र ते वाक्य फार पटलं होतं.

आणीबाणी लागली त्या वर्षी त्यांच्या पत्नीला, महादेवीकाकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा दिवसभर गादीवर पडत राही, भाकरी थापावी तसा. डॉक्टर म्हणाले, शिरांचा खेळ आहे, अर्थ लावू नका. सरांचाच धडा त्यांनी सरांना शिकवला होता, आणि तो सरांच्या गळी उतरेना. काकू त्या अंगाच्या आत अजून आहेत की नाहीत, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

एका सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. ज्वारीचं पीठ स्वतः मळलं होतं, अंमळ सैलच. परात काकूंच्या हाताखाली सरकवली. हात थांबला. परात काढली, हात पुन्हा सुरू.

“ओळखलं की हिनं,” सर म्हणाले. मग लगेच, “न्हायतर गार लागलं असंल.”

ते माझ्याकडे बघत राहिले. पीठ सैल झालंय, एवढंच मी म्हणालो. मग ते पलंगाजवळ बसले आणि आपला तळवा त्यांनी काकूंच्या हाताखाली घातला. हात थापतच राहिला.

पुढे रोज ते तसेच बसत. महिन्याभरात काकू गेल्या.

“गादी थोपटून जवळ बोलवत होती, असं वाटतंय मला,” सर नंतर म्हणाले. “वाटतंय म्हणतोय, म्हाईत न्हाय. पण म्हाईत न्हाय म्हणून हात काढायचा होता काय मी?”

“नाही,” मी म्हणालो. त्यापलीकडे मला आजही काही कळलेलं नाही.