नागपंचमीचा भाऊ

बायकोचा एकुलता भाऊ पुण्यात वारला आणि तिला जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमहून वेळेवर पोहोचता आलं नाही. नागपंचमी जवळ आली तेव्हा म्हणाली, "भावाचा उपवास आता कुणासाठी करू?"

नागालाच भाऊ मानतात, म्हणून मी तडक साप विकणाऱ्याकडे गेलो. "आमच्याकडे अजगर माझ्या उशाला झोपायचे," मी ठोकून दिलं.

"या, या," त्यानं जर्मन होकार दिला. "तरी पहिला साप बिनविषारी घ्या, इथंच जन्मलेला. आधी खाताना बघा."

कॉर्न स्नेकनं मेलेला उंदीर गिळला, तेव्हा या अजगरवाल्यानं दोन पावलं मागे सरून पैसे मोजले.

घरी बायकोनं दुधाची वाटी आणली.

"अगं, साप दूध पीत नाहीत. पाणी ठेव."

तिनं वाटी बदलली, सापाच्या पेटीच्या काचेला कपाळ टेकवलं. "दादा, तिकीट मिळालं नाही रे."

मीही तिच्या शेजारी काचेला कपाळ टेकवलं.