बारा वर्षांचं चुकीचं तेलुगू आज कामी आलं

सोलापूरकरांनो, आज भारीच झालं!

आज आमच्या टॉवेलच्या कारखान्यात परदेशी खरेदीदार बाई आल्या. मी तपासणीला असते. मालक फोनवर बोलत बाहेर गेले आणि बाईंनी मी बाजूला टाकलेला टॉवेल उचलून इंग्रजीत विचारलं, हा का नको?

प्रश्न कळला. उत्तरही माहीत होतं. पण दोन वर्षं इंग्रजीचा क्लास करूनही मी आधी मनात वाक्य जुळवते, तपासते, तोवर समोरचा निघून जातो.

माझ्यासोबत काम करणारी, घरी तेलुगू बोलणारी पद्माक्का कुजबुजली, "अगं, माझ्याशी कसलं मोडकंतोडकं तेलुगू बोलतीस! लाजतीस का कधी? तसंच बोल की!"

खरंच की! बारा वर्षं तिच्याशी बिनधास्त चुकत बोलतेय.

सुटलेच मग. "मॅडम, धिस साइड थ्रेड लूज. वॉशिंग आफ्टर, कमिंग आउट!"

बाईंनी धागा ओढून बघितला, मान डोलावली आणि लगेच पुढचा प्रश्न! मालक परत आले तरी आमचं चालूच.

तुम्ही कुठली भाषा अशी बिनधास्त चुकत बोलता? सांगा की.

मी उद्यापासून फक्त टॉवेल तपासणार. वाक्यं येतील तशी जाऊ देणार!