दिल्लीचा लाकडी ट्रॅक, गुरुग्रामचा बर्फ

निजामुद्दीन स्टेशनाबाहेर आले तेव्हा मे महिन्याची लू (उन्हाळ्यातला गरम वारा) तोंडावर आली. खांद्याला स्केट्स, हातात सायकल. रिक्षावाल्याने सायकल न्याहाळली.

"मॅडम, इसमें ब्रेक कहाँ है?"

"ट्रॅक की साइकिल है भैया, ब्रेक नहीं होता."

"फिर रुकती कैसे हो?"

"मुश्किल से," मी म्हटलं. तो हसला आणि सायकल मागे बांधायला लागला.

मी नाशिकची. ट्रॅकवर सायकल चालवते आणि स्पीड स्केटिंगही करते. गुरुवारी दिल्लीत सायकलिंगच्या शिबिरासाठी निवडीची शर्यत होती, शनिवारी गुरुग्रामला बर्फावरची शर्यत. मुक्काम सरोजिनी नगरला, मावशीच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तिने लौकीची (दुधीची) भाजी वाढली आणि लगेच विषय काढला, "अगं, एकच काहीतरी धर ना. दोन्ही कशाला, यार?"

गुरुवारी ट्रॅकवर उतरले. वळणावर लाकडी फळ्या भिंतीसारख्या उभ्या चढतात. पहिल्या दोन फेऱ्या उत्तम गेल्या. शेवटच्या वळणावर पुढच्या मुलीच्या चाकाला माझं चाक घासलं आणि मी डाव्या कुशीवर खालपर्यंत घसरत आले. मांडी सोलून निघाली, कातडीत कुसळं रुतली. तरी उठले, शर्यत पूर्ण केली.

शिबिराचे प्रशिक्षक जवळ आले. "गिरने तक टाइम अच्छा था. जगह दे दूँगा, पर स्केटिंग बंद. बिल्कुल बंद. परसों वहाँ गिरी तो मेरे किस काम की?"

"सर, शनिवार के बाद बताऊँ?"

"शाम तक बता देना," म्हणाले आणि निघून गेले.

मावशीने चिमट्याने कुसळं काढली. मी उशी चावत होते. तिने पट्टी बांधली आणि म्हणाली, "आता गपचूप हो म्हण. जागा मिळतेय ना?"

ती बरोबर बोलत होती. तरी संध्याकाळी मी फोन केला, "सर, मी शनिवारी बर्फावर उतरणार आहे," असं हिंदीत सांगितलं. पलीकडून फक्त "ठीक है" आलं.

शनिवारी मावशीही माझ्याबरोबर मेट्रोत बसली. गुरुग्रामच्या काचेच्या इमारती उन्हात तळपत होत्या आणि रिंकमध्ये हाडं गोठवणारी थंडी. मावशी सुती साडीत कुडकुडत कठड्याशी उभी राहिली.

पहिली फेरी निभावली. उपांत्य फेरीत दोघीच पुढे जाणार होत्या. एक जण केव्हाच पुढे निघून गेली होती; माझ्या लगेच पुढे लडाखची मुलगी होती, लहानपणापासून बर्फावर वाढलेली. सायकलवर करते तसं मी तिच्या पाठीशी चिकटून राहिले, समोरचा वारा तिलाच कापू दिला. शेवटच्या वळणावर डावीकडे झुकले तेव्हा मांडीत आग झाली. झुकतच राहिले आणि आतून तिला मागे टाकलं. सरळ पट्ट्यावर तिने मला पुन्हा गाठलं. स्केटच्या पात्याएवढ्या फरकाने मी तिसरी आले.

"हरलीस ना? मग हसतेस काय?" मावशीने विचारलं.

"वळणावर मी तिच्या पुढे होते, मावशी!"

"पाहिलं मी. ओरडून घसा बसलाय माझा."

परतीच्या गाडीत रात्रभर उजव्या कुशीवर पडून होते. शिबिराला दुसरी मुलगी गेली. प्रशिक्षक चुकीचं बोलले असं मला वाटत नाही. एकाच खेळाला सगळे दिवस दिले असते, तर कदाचित मी आज तिथे असते. पण तो हिशोब मला नको आहे. जखम सुकली, तशी पहाटे सायकल आणि संध्याकाळी स्केट्स पुन्हा सुरू केलेत. लोक मला अर्धी सायकलपटू, अर्धी स्केटर म्हणतात. थकते मात्र मी दोन्हीकडे पूर्ण.