साडभाऊंची दोन डोकी

माणसाला एकच डोकं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या साडभाऊंच्या घरी चहाला जावं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाकी महाराष्ट्रात याला साडू म्हणतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात या नात्याला भाऊपण चिकटवलेलं आहे आणि ते निघत नाही, म्हणून मीही त्यांचा साडभाऊच. लाखनीला, हायवेपासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर आहे. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. त्यात पोरांच्या हाती काय लागलं ते पोरं जाणोत. साडभाऊंच्या हाती मात्र एक सिद्धांत लागला. तो असा की, प्रत्येकाजवळ दोन डोकी असतात, एक कडक आणि एक सैल. कडक डोक्याने फॉर्म भरायचे, पेपर तपासायचे, बसची वेळ लक्षात ठेवायची. सैल डोक्याला नवीन काही सुचतं. दोन्ही एका वेळी चालत नाहीत. आणि जगातली निम्मी भांडणं, समोरच्याचं कोणतं डोकं लागलेलं आहे ते न विचारता बोलायला लागल्यामुळे होतात.

त्यामुळे ते विचारत. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा पाण्याचा गडवा हातात देत त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, "कोणतं चालू आहे?" मी वर पंख्याकडे पाहिलं.

सैल डोकं आपोआप येत नाही, त्याला बोलवावं लागतं, आणि बोलवण्याचे साडभाऊंचे उपाय सगळ्या गल्लीला पाठ होते. खाटेवर उताणं पडून मान काठाखाली सोडायची आणि घर उलटं पाहायचं. घराभोवती पाठमोऱ्या फेऱ्या मारायच्या. अशाच एका फेरीत ते दूधवाल्याच्या सायकलवर जाऊन आदळले. दूध सांडलं, पण लय मोडू नये म्हणून त्यांनी मागे वळून न बघताच त्याची माफी मागितली आणि पुढे, म्हणजे मागे, चालू लागले. सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर बसून ट्रक पाहणे. यात पथ्य एकच होतं, ट्रक मोजायचे नाहीत. मोजायला लागलं की कडक डोकं येतं. एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो असताना नकळत "हा नववा" म्हणालो, तर त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि दुपार वाया गेल्यासारखे उठून घरी गेले.

शाळेतही हेच. विजेचा धडा अर्ध्यावर आला की ते खडू ठेवत आणि सगळ्या वर्गाला बाकावर डोकं टेकवून दहा मिनिटं सैल व्हायला सांगत. पोरांनी या एका बाबतीत त्यांना कधीच निराश केलं नाही. एकदा तपासणीला साहेब आले. सबंध वर्ग झोपलेला, आणि टेबलावर गुरुजीही. साहेबांनी टेबल वाजवलं तेव्हा साडभाऊंनी तोंडावर बोट ठेवून त्यांना हळू बोलायची विनंती केली, काम सुरू आहे म्हणून. साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण त्यानंतर साडभाऊंना विज्ञानाबरोबर शारीरिक शिक्षणाचेही तास मिळाले.

सैल डोक्याचं मुख्य पीक म्हणजे मंगलाष्टका. आजूबाजूच्या गावांत कुठेही लग्न असलं की साडभाऊंकडून मंगलाष्टका लिहून घेत, कारण त्यात दोन्हीकडच्या आत्या-मावशांची नावं बिनचूक बसत. अडचण एवढीच की रचायचं एका डोक्याने आणि म्हणायचं दुसऱ्या डोक्याने. एका लग्नात तिसऱ्या कडव्याला त्यांचं कडक डोकं अचानक जागं झालं. त्यांना एक मात्रा जास्त झाल्याचं आढळलं. ते थांबले, बोटांवर मोजलं, खिशातून पेन काढून दुरुस्ती केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर नवरा-नवरी हार धरून उभे, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेले, आणि लोकांनी तिसऱ्या कडव्यालाच सगळ्या अक्षता संपवून टाकलेल्या.

या सगळ्याला ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, कधी अडवलं नाही आणि कधी मानही दिला नाही. साडभाऊ बाजारातून नवीन कल्पना घेऊन यायचे, भाजी विसरून. ताई दारात उभ्या राहून शांतपणे म्हणायच्या, "दोन डोके आहेत म्हणतेत, अन् एकालेही पिशवी आठवत नाही."

मग दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा बंगळुरूहून आला आणि त्याने बापाच्या मोबाइलमध्ये बोलणारं यंत्र टाकून दिलं. माणसाच्या मेंदूसारखं जाळं असतं म्हणे त्यात. त्याला प्रश्न विचारला की उत्तर देतं, सांगितलं तर कविता करतं. जाता जाता मुलाने सांगितलं की या जाळ्याचं एक तापमान असतं. ते कमी ठेवलं तर सरळ सरळ, अपेक्षित उत्तर येतं, आणि वाढवलं तर ते भलतंच काहीतरी सुचवायला लागतं. साडभाऊ तीन दिवस जेवले नाहीत असं ताई सांगतात. मला वाटतं जेवले असतील, लक्षात नसेल. मग त्यांनी मला फोन केला. "साडभाऊ, त्यालेही दोन डोके आहेत," ते म्हणाले. "एकतीस वर्षं मी काय सांगून राहिलो होतो?"

ते जाळं चालतं कसं हे त्यांनी मला पुढच्या भेटीत समजावलं, आणि खरं सांगतो, इतकं सोपं मला कोणीच सांगितलं नव्हतं. ते मूळचे दिघोरीचे, घरची धानाची शेती. ते म्हणाले, वर तलाव आहे आणि खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आहेत असं समजा. प्रत्येक बांधीला चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध. पाणी जिथून एकदा गेलं तिथला धुरा थोडा झिजतो, दुसऱ्यांदा तिथूनच जातं, आणखी झिजतो. शिकणं म्हणजे एवढंच. कडक डोकं म्हणजे पाणी नेहमीच्या वाटेने जाणं. आणि सैल डोकं म्हणजे सगळे धुरे जागोजागी थोडेथोडे फोडून ठेवणं. मग पाणी कुठेही शिरतं. बहुतेक वेळा वाया जातं, पण एखाद्या वेळी अशा बांधीत पोचतं जिथे कधी पोचलंच नव्हतं.

यंत्र शुद्ध मराठीत बोले, म्हणून त्यांनी त्याचं नाव पुणेकर ठेवलं. पुणेकराकडून ते मंगलाष्टका करून घेऊ लागले. थंड डोक्याने करायला सांगितलं की ती सरकारी परिपत्रकासारखी येई. गरम डोक्याने सांगितलं तर एकदा नवरीला "कमळांनी भरलेली मोटारसायकल" म्हणून गेला. साडभाऊंना ती ओळ फार आवडली. नवरीकडच्यांना नाही. दिवसदिवस ते पुणेकराशी वाद घालत, आणि ताई तांदूळ निवडता निवडता म्हणत की इतकं माझ्याशी बोलले असते तर मीही एखादी मोटारसायकल झाले असते.

मागच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. सकाळी ताई चहाचा कप घेऊन आल्या आणि कप हातातून पडला. साडभाऊ खाटेवर मान खाली सोडून पडलेले. आता बोलणी बसणार म्हणून त्यांनी वाट पाहिली. बोलणी आली नाहीत. त्यांनी मान वर केली तर ताईंचे ओठ हलत होते आणि तोंड एका बाजूला गेलं होतं. त्यानंतर या विसराळू माणसाने जे केलं ते ऐकून आम्ही सगळे थक्क झालो. वेळ लिहून घेतली, शेजाऱ्याची गाडी काढायला लावली, वाटेतूनच ओळखीच्या डॉक्टरला फोन केला, कागदपत्रं, चष्मा, औषधांची चिठ्ठी, सगळं बरोबर. पिशवीसुद्धा. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की अर्धांगाचा झटका आहे, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

लुळा पडलेला उजवा हात महिन्याभरात पुष्कळ सुधारला. शब्द मात्र गेले. ऐकलेलं सगळं ताईंना कळे, पण बोलायला एकच शब्द उरला होता, "नाही." चहा पाहिजे का विचारलं की "नाही" म्हणत आणि कपासाठी हात पुढे करत. बरं वाटतं का? नाही, आणि हसत. आम्ही सगळे हळूहळू ते "नाही" वाचायला शिकलो.

बोलणं शिकवायला दवाखान्यातल्या मुलीने चित्रांचे पत्ते दिले होते. गाय, घर, केळं. साडभाऊ रोज सकाळी अकराला ताईंना समोर बसवून शिकवत. भिंतीवर तक्ता लावला, बरोबर-चूक लिहू लागले. एक दिवस ताईंनी गाय, घर, केळं, सगळं खिडकीबाहेर फेकलं. साडभाऊंनी पुणेकराला विचारलं. त्याने नम्रपणे चौदा उपाय सांगितले, पैकी तेरा ते करतच होते आणि चौदावा होता धीर धरणे. मी त्या सुमारास गेलो तेव्हा त्यांनी मला कोणतं डोकं चालू आहे ते विचारलं नाही. पत्त्यांचा गठ्ठा बाजूला सारत म्हणाले, "मी मास्तर आहो, साडभाऊ. अन् एका बाईले गाय म्हणाले शिकवता येऊन नाही राहिलं मले."

माघात दिघोरीला त्यांच्या भावाच्या शेतात उन्हाळी धानाचा रोवणा होता. घरात बसून दोघंही कोमेजली होती, म्हणून भावाने बोलावलं, आणि आम्हीही गेलो. चिखलात बाया रांगेने वाकून रोपं लावत होत्या. धुऱ्यावर खुर्ची टाकून ताईंना बसवलं, बायकोने डोक्यावर छत्री धरली, साडभाऊ खाली बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होते. एका बाईने गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं. कोणाच्या तरी भावाने बहिणीला माहेरी न्यायला यायचं होतं आणि तो येत नव्हता, असं काहीतरी. दोन कडवी झाली. आणि माझ्या शेजारून तिसऱ्याच कोणाचा तरी आवाज आला.

ताई गात होत्या. कापरा आवाज, पण शब्द सगळे, एकही न अडखळता. "पाण्यात उभी माय, पाय झाले गार, लाव धाकटे लाव, राहिली ओळ चार." बायांच्या गाण्यात हे शब्द नव्हतेच. चाल तीच, शब्द वेगळे. माझ्या बायकोने छत्री माझ्या हातात कोंबली. ती म्हणाली, हे आमच्या माहेरचं, बपेऱ्याचं गाणं आहे. लग्नाआधी ताई आमच्या शेतात रोवणीला पुढे असायच्या, त्या सांगायच्या आणि मागून साऱ्या बाया म्हणायच्या; गाण्यातली धाकटी म्हणजे मी, धुऱ्यावर बसून रडणारी.

बाया थांबल्या. ताईही थांबल्या. साडभाऊंनी उठून, वाकून विचारलं, "काय म्हणाली तू?" ताईंनी तोंड उघडलं, खूप प्रयत्न केला, आणि म्हणाल्या, "नाही."

पुढच्या क्षणी साडभाऊ पँट-चपलांसकट बांधीत उतरले होते आणि हात जोडून बायांना गाणं थांबवू नका म्हणून विनवत होते. चिखलात ते इकडून तिकडे जाऊन हातवारे करू लागले. शेवटी एक म्हातारी कंबर सरळ करून म्हणाली, "गुरुजी, आमी गातो नं बाप्पा. पण तुमी निंघा. तुमच्या पायाखाली धान मरून राहिलं." ते निघाले. बाया संध्याकाळपर्यंत गात राहिल्या आणि ताईही.

आम्ही नागपूरला जाऊन पत्ते देणाऱ्या त्या मुलीला सांगितल्यावर ती हसली. म्हणाली, असं होतं. बोलण्याची वाट मेंदूत एकीकडे आणि गाण्याची बरीचशी दुसरीकडे. एक बुजली तरी कधीकधी दुसरी शाबूत असते. तिच्यावरून थोडेथोडे शब्द आणून पाहता येतात. डाव्या हाताने ठेका धरायचा, साधं वाक्य चालीवर म्हणायचं. सगळ्यांना जमत नाही, वेळ लागतो. साडभाऊ परतीच्या प्रवासात मला म्हणाले की पाहा, धुरा दुसरीकडून फुटला. पण ते सिद्धांत जिंकल्यासारखं म्हणाले नाहीत. हळू म्हणाले, आणि ताई झोपल्या आहेत ना ते वळून पाहिलं.

त्यानंतर लाखनीच्या त्या घरात कोणी साधं बोललं नाही. मीठ, चहा, चादर, सगळं रोवणीच्या चालीवर. साडभाऊ फोनही त्याच चालीत घेत. भाजीवाली आठवड्याभरात वांग्याचा भाव चालीवर सांगायला शिकली. नव्या ओळी पुणेकराकडून करून घेतल्या, तर त्याने "कृपया मजला मीठ द्यावे, स्वाद वाढो जेवणी" अशी ओळ दिली. ती ऐकून ताई पोट धरून हसल्या, आजारानंतर पहिल्यांदा. मग साडभाऊंनी पुणेकराला बाजूला ठेवलं आणि स्वतः लिहायला बसले, ट्रक न पाहता, मान न लोंबवता, ताईंच्या समोर. रोजच्या साध्या वाक्यांची एक अख्खी वही भरली. पण ताईंनी स्वतः जुळवलेलं पहिलं वाक्य त्या वहीत नव्हतं. मांडीवर डाव्या हाताने ठेका देत, एकेक शब्द सुटा करत त्यांनी गायलं, "तुमी... जरा... चूप... बसा." साडभाऊंनी ते गल्लीभर सांगितलं. पेढे वाटले.

मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा ताईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या. बसा. चहा... ठेवतो." हळू, थांबत, पण साधं, आणि आमच्याकडच्या बायांसारखं 'ठेवतो'च. चाल नव्हती. चहा झाला, गप्पा झाल्या, घरात कुठेच गाणं नव्हतं, आणि त्या शांततेची मला जरा चुकल्यासारखी जाणीव झाली. निघताना साडभाऊ मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, छान बोलायला लागल्या की आता. ते हो म्हणाले. 

"पस्तीस वर्षं मी तिले माह्या डोक्यातलंच सांगत राहिलो," ते म्हणाले. "तिच्यापाशी एवढे गाणे आहेत, मले माहीतच नव्हतं. काल विचारलं मी, आणखी किती आहेत? तं म्हणे, बसा... सांगतो."

बस दिसत नव्हती. साडभाऊ थोडे घुटमळले, मग म्हणाले की तुम्ही जाल ना बरोबर, घरी ती वाट पाहत असेल. आणि मला तिथेच उभं ठेवून ते घराकडे निघाले, सरळ समोर बघत, भराभर.