टचिंग नको

अख्ख्या नाशकात आरसा कसा वापरायचा हे फक्त माझ्या नणंदेला कळलं होतं, असं माझं ठाम मत आहे. तुम्हीआम्ही आरशात बघतो ते आपण चारचौघांसारखे दिसतोय ना, याची खात्री करायला. ती बघायची ते आपण चुकून कुणासारख्या दिसत तर नाही ना, हे तपासायला. आणि दिसलीच कुणासारखी, तर घरातली कात्री लपवून ठेवावी लागे. त्याचाही फारसा उपयोग नसे म्हणा. आमची फुलशेती. फुलांचे देठ छाटायच्या कातरी मळ्यात जागोजागी पडलेल्या असत.

मी सटाण्याची. नव्वदीच्या दशकात लग्न होऊन नाशकाच्या कडेच्या या मळ्यात आले. नणंद ही काय चीज असते याची माहिती आईने आणि मावश्यांनी मला भरपूर पुरवली होती. ती चुगल्या करते, साड्यांवर डोळा ठेवते, भावाचे कान भरते. पण ती अर्ध्या डोक्याने टकली असते हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या लग्नात ही करवली. उजव्या बाजूला खांद्यापर्यंत केस, डाव्या बाजूला वस्तरा फिरवलेला, ओठ जांभळ्या शाईसारखे आणि कानात डुलांऐवजी सेफ्टी पिना. सासूबाईंनी मांडवातच तिचा पदर हनुवटीपर्यंत ओढला. त्यामुळे माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये दोन नवऱ्या दिसतात, आणि त्यातल्या एकीला तोंडच नाही. माझ्या माहेरच्यांकडे बघून सासूबाई ओशाळं हसत म्हणाल्या, "ती मुळात अशी नाय हो."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की दारावरची बेल वाजली की मला तेच आठवायचं. पोस्टमन आला, ती मुळात अशी नाय. खतवाला आला, ती मुळात अशी नाय. घरातल्या पुढच्या लग्नांत मग फोटोग्राफरला आधीच बजावून ठेवलेलं असे. चुलत दिराच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेला एक कोपर आलंय, काळ्या दोऱ्याचे वेढे घातलेलं. ते कोपर म्हणजे माझी नणंद. बाकी घरच्या एकाही फोटोत ती नाही.

आपण अशा का राहतो, याचं तिच्याकडे अगदी साधं उत्तर होतं. "वहिनी, केस असले ना की आरशात मला आईच दिसते. मग मी कुठंय?" बाहेर पडताना ती माझ्यासमोर उभी राहायची आणि माझ्या माहेरच्या अहिराणीची टर उडवत विचारायची, "वहिनी, कशी शे मी?" मी पोळ्या लाटता लाटता मान वर करून म्हणायची, "भूत शे." मग ती खूश होऊन जायची. आमचं हे रोजचं होतं. कधी मी कामात असले आणि उत्तर द्यायला विसरले, तर ती चप्पल घालून दारातच ताटकळायची.

तिला स्थळं बघायची ठरली तेव्हा सासूबाईंनी कुठूनतरी एक गंगावन आणलं. चांगलं कमरेपर्यंतचं. डोक्याच्या उजव्या बाजूचे केस डावीकडे फिरवून, त्यात ते बांधून तिला स्टुडिओत नेलं आणि प्लास्टरच्या खांबाला टेकवून फोटो काढला. स्टुडिओवाल्याने वर टचिंग केलं. भुवईतली खाच भरली, नाकाच्या दुसऱ्या बाजूचं भोक बुजवलं, रंग चांगला उजळून दिला. फोटो हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे की. कोणाची मुलगी?"

त्या फोटोवर भाळून वणीचे पाहुणे आले. पोह्यांच्या डिश दिल्यावर मुलाच्या वडिलांना नमस्कार करायला ती वाकली आणि गंगावन सुटून थेट त्यांच्या डिशमध्ये पडलं. तिने ते हलकेच उचललं, त्यावरची कोथिंबीर झटकली आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "सॉरी हं काका, पोह्यात केस निघाला."

मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसले. ते हसू फार वेळ टिकलं नाही. पाहुण्यांची जीप वळली तसं सासऱ्यांनी तिला रबरी नळीने मारलं. मी मध्ये पडले तर एक फटका माझ्या मनगटावरही बसला. सासूबाई देवघरापाशी बसून राहिल्या, आणि सासऱ्यांचा राग आला त्याहून जास्त मला त्यांच्या त्या बसण्याचा आला. दुसऱ्या दिवशी नणंद आरशासमोर बसून दंडावरच्या वळाभोवती काजळाने वेल काढत होती. पानं, कळ्या, सगळं निगुतीने. मी विचारलं, हे काय करतेस? म्हणाली, "त्यांनी काढलंय ते अर्धवट होतं. पुरं करतेय."

त्या वेलीचा फोटो तिच्या गंगापूर रोडवरच्या मैत्रिणीने काढला, आणि तिथून तिचं मॉडेलिंग सुरू झालं. आमच्या सासऱ्यांना मॉडेल म्हणजे ट्रॅक्टरचं, एवढंच ठाऊक. या दोघी कॅमेरा घेऊन कुठेही जात. सिमेंटच्या पाइपात, कोबीच्या वाफ्यात, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजमागे. अंगावर मिलिटरीची पँट, वर सासूबाईंची जुनी नऊवारी फाडून केलेलं काहीतरी, आणि डोक्यावर बाजारातून परत आलेला झेंडू. फुलबाजारात जो माल विकला जात नाही तो परत येतो आणि उकिरड्यावर जातो. ती त्यातली मलूल फुलं वेचून घ्यायची. ताजी घे की, मळा आपलाच आहे, असं मी म्हटलं तर म्हणाली, "ताज्यांना देव आहेत, लग्नं आहेत. परत आलेल्यांना कोण घालणार?"

शहर काही तिच्यावर फुलं उधळत नव्हतं. ती रस्त्याने चालू लागली की रिक्षा हळू होत, कुणी शिट्टी घाली, कुणी देवाचं नाव घेई. हळदीकुंकवाला बायका तिला कुंकू लावताना हात आखडत. एकदा कुणी पान खाऊन तिच्या पाठीवर पिचकारी मारली. घरी येऊन तिने कुर्ता उन्हात धरला आणि मला विचारलं, "निघत नाही हो. राहू देऊ का?" मी हसले नाही. तीही हसत नव्हती. कुर्ता मोरीत टाकून आत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही.

दोन हजारनंतर तिचे फोटो इंटरनेटवर आले. कुठल्याशा परदेशी लोकांनी असेच अतरंगी चेहरे गोळा केले होते, त्यांत नाशकाची ही एक. ती मला सायबर कॅफेत घेऊन गेली. फोटो वरून खाली असा सावकाश उतरत होता. आधी आभाळ, मग झेंडू, मग कपाळ. भुवया आल्या आणि कनेक्शन तुटलं. कॅफेवाल्याने पुन्हा जोडलं, पुन्हा आभाळापासून सुरुवात. शेवटी डोळे आले, ओठ आले, आणि ती अख्खी आली. खाली कुणीतरी इंग्रजीत काहीबाही कौतुक लिहिलं होतं. मी तिला त्याचा अर्थ विचारला तर ती माझा हात घट्ट धरून एवढंच म्हणाली, "ही मी आहे वहिनी. ही मीच आहे." तिला इतकं सुखात मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

मग सासरे गेले, आणि पाठोपाठ ती आजारी पडली. रक्ताचा कॅन्सर. औषधांनी उरलेल्या बाजूचेही केस गेले. उशीवरचे केस गोळा करताना मला भडभडून आलं, तर म्हणते, "आता दोन्हीकडे सारखं झालं. फारच सज्जन दिसतेय मी." सासूबाई ट्रंकेतून ते गंगावन काढून दवाखान्यात घेऊन आल्या. रुमालाखाली पिनेने लावू, भेटायला लोक येतात, असं त्यांचं म्हणणं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गंगावन पिशवीत परत गेलं, पण दर खेपेला पिशवी यायचीच.

थोडं बरं वाटलं तेव्हा तिने मैत्रिणीला बोलावून एक फोटो काढून घेतला. उघडं डोकं, तेच जांभळे ओठ, कानात सेफ्टी पिन, गळ्याशी हाडं वर आलेली, आणि डोळे सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत. तो माझ्या हातात देऊन म्हणाली, "वहिनी, आपल्याकडे मुलीचा फोटो दोनदाच हौसेने काढतात. स्थळांना दाखवायला आणि भिंतीवर लावायला. पहिल्यात मी नव्हते. भिंतीवर तरी मला लावा. त्या गंगावनवालीला हार घालू नका, मी तिला ओळखत नाही." मी शब्द दिला. मग तिने विचारलं, "कशी शे मी?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "चांगली शे."

ती इतकी चिडली! हातात दम नव्हता तरी चादर झटकली. "तुम्हीपण? भूत म्हणा ना. म्हणा." मी म्हटलं. रडत म्हटलं, पण म्हटलं.

ती गेली तेव्हा घरात स्टुलावर फोटो आला तो गंगावनाचाच. मी दुसरा नेऊन शेजारी ठेवला. चुलत सासूबाईंनी तो उचलून पालथा केला. मी आमच्या ह्यांना सांगितलं, ते म्हणाले आईला विचार. आईंना विचारलं तर त्या माझ्यावर कडाडल्या, "बिनकेसाची लेक चार लोकांत दाखवू? जाताना तरी तिला माणसासारखं जाऊ दे!" फोटो मी पदराखाली धरला, ठेवून मात्र दिला नाही.

दहाव्याला आम्ही गंगेवर गेलो. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. क्रियेला बसलेले आमचे हे, चुलत दीर, पुतणे, सगळ्यांनी मुंडन केलं होतं. एका ओळीत एवढी टकली बसलेली पाहून तिला केवढा आनंद झाला असता! पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या कठड्यावर चांगले पाच-सहा बसले होते, आपापसात बोलत होते, आमच्याकडे ढुंकून बघत नव्हते. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मग एकेक जण हात जोडून बोलू लागला. लग्न राहिलं गं बाई तुझं, पुढच्या जन्मी होईल. तुझ्या नावाने वणीला ओटी भरू. तुला सोन्याच्या बांगड्या घालू. यातलं काही तिला हवं होतं असं मला वाटत नाही. कावळ्यांनाही वाटलं नाही.

मी पदराखालचा फोटो काढून सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "आई, तिने एकच मागितलं होतं."

त्यांच्या हातात ती पिशवी होती. लेकीला केसांशिवाय पाठवायला नको म्हणून त्या गंगावन पाण्यात सोडायला घेऊन आल्या होत्या. फोटोकडे त्या पहिल्यांदाच नीट बघत होत्या. बघता बघता त्यांनी त्या उघड्या कपाळावरून अंगठा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "कपाळ तर माझंच हाय." मग त्यांनी ओळीतल्या मुंडन केलेल्या पुरुषांकडे बघितलं. पिशवीचं तोंड आवळलं, बाजूला सरकवली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाय लावत तुला केस. हाच लावते. जशी व्हती तशी लावते. आता ये."

कावळा आला नाही. ऊन चढलं, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. परतताना चुलत सासूबाई म्हणाल्या, कावळ्याने काही मानलं नाही, तेव्हा शब्द पाळायलाच पाहिजे असं नाही. सासूबाई थांबल्या. "कावळ्याला नव्हता दिला शब्द."

दुसऱ्या आठवड्यात त्या माझ्याबरोबर स्टुडिओत आल्या. तोच स्टुडिओ, फक्त आता कॉम्प्युटर होता. फोटो मोठा करायला दिला तसा स्टुडिओवाला हळहळला. म्हणाला, काळजी करू नका आजी, केस बसवतो, टिकली लावतो, पदर घेतो, असं टचिंग करतो की कुणाला कळणार नाही. सासूबाईंनी काउंटरवर हात आपटला. "टचिंग नको. तिला हात लावायचा नाय."

तो फोटो आता आमच्या बैठकीत आहे. हार रोज नसतो. बाजारातून माल परत आला की सासूबाई त्यातली फुलं निवडून तिच्यासाठी ओवतात, आणि माल सगळा खपला त्या दिवशी फोटो रिकामाच राहतो. लग्नाकार्याला निघताना मी त्याच्यासमोर उभी राहते आणि हळूच विचारते, कशी शे मी? घरातलं कुणी ऐकलं तर ऐकलं.

परवा धाकट्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. त्यांतल्या एका बाईंची नजर फोटोवर गेली आणि हातातला कप तसाच राहिला. हे कोण, असं त्यांनी बिचकत विचारलं. इतक्या वर्षांच्या सवयीने ते जुनं वाक्य आता येणार असं मला वाटलं. सासूबाईंनी फोटोकडे बघितलंही नाही.

"माझी लेक," त्या म्हणाल्या. "अशीच व्हती ती."

आणि पोह्यांच्या डिश आणायला आत गेल्या.