हवालदारांचे उलटे खिसे

पोलिसांनी पंच म्हणून मला शेजारच्या मावशींच्या घरी नेलं. नाइलाजानंच गेलो. त्यांच्या मुलावर चोरीचा संशय होता आणि घराची झडती घ्यायची होती. मावशी दार धरून उभ्या होत्या. हवालदार उंबऱ्याबाहेरच थांबले आणि त्यांनी स्वतःचे खिसे उलटे केले.

"मावशी, आधी आमची झडती घ्या."

"अहो, राहू द्या."

"राहू कसं द्यायचं? आम्हीच काही आणून ठेवलं, असं उद्या कुणी म्हटलं तर? आधी आमची झडती झाली नसेल, तर घराची झडती कोर्टात टिकत नाही."

रुमाल, तंबाखूची पुडी, घराची किल्ली. मावशींनी एकेक वस्तू नीट पाहिली. मग दारावरचा हात काढला.

कुण्या न्यायाधीशानं कधीतरी खाकीवर आंधळा विश्वास ठेवायला नकार दिला असेल, म्हणून हा नियम आला असेल. त्याचं नावही मला ठाऊक नाही. त्याच्या त्या संशयानं आज एका बाईच्या उंबऱ्याचा मान राखला. मी मनोमन त्याला हात जोडले आणि माझेही खिसे मावशींसमोर उलटे केले.